पायरी दुसरी: नेहमीप्रमाणे

जावई बुधवारी सकाळी आला, तेव्हाच चष्मेवाल्याने ओळखलं की हा माणूस आपलं डोकं खाणार. आल्या आल्या त्याने पाठीवरची बॅग उतरवली, दुकानातली एकुलती एक धड खुर्ची ओढली आणि विचारलं, "बाबा, आईंनी काही लिहून ठेवलंय का?"

"लिहून? जावईबापू, तिने आयुष्यभर दुसरं केलं काय?"

लिहिलेलं होतं खरं. दुकानाचा कॉम्प्युटर अठरा वर्षं चष्मेवाल्याच्या बायकोने सांभाळला होता. जिथे जिथे एकदा अडलं, तिथली वाट तिने लिहून ठेवली होती. वर मथळा, खाली दोन-चार पायऱ्या आणि मध्ये कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमाची इंग्रजीतली एखादी लांबलचक ओळ. असे एकशे चौसष्ट तुकडे. 'प्रिंटर रुसला तर.' 'तारीख मागे गेली तर.' 'डिस्क भरली तर (घाबरू नकोस, आधी जुने फोटो काढ).' ती स्वतःशीच बोलत लिहायची. कॉम्प्युटरच बंद पडला तर कॉम्प्युटरमधल्या टिपा काय कामाच्या, म्हणून वर्षातून एकदा सगळं छापून, भोकं पाडून, दोरीने बांधून काउंटरच्या खणात ठेवायची.

ती जाऊन सात महिने झाले होते. त्या सात महिन्यांत खण कुणी उघडला नव्हता, कारण काही बिघडलंच नव्हतं. मंगळवारी सकाळी बिघडलं. कॉम्प्युटरच्या आतली डिस्क गेली.

एरवी चष्मेवाल्याने हात झटकले असते. पण आदल्या शनिवारी शाळेत मुलांचे डोळे तपासले होते आणि डॉक्टरीणबाईंनी बासष्ट मुलांना चष्मे लिहून दिले होते. बासष्टचे बासष्ट नंबर काउंटरवर बसणाऱ्या भाचीने सोमवारी कॉम्प्युटरमध्ये घातले आणि डॉक्टरीणबाईंचे कागद फाडून टाकले. तो मामीचा नियम होता: नंबर आत गेला की कागद फाडायचा, नाहीतर चार दिवसांनी जुना कागद पाहून कुणीतरी भलत्याच नंबरची काच घासतं. डॉक्टरीणबाईंकडे दुसरी प्रत नव्हती. त्या पुढच्या गावाला निघून गेल्या होत्या, परत येणार दोन महिन्यांनी. आणि मुलांची परीक्षा सोमवारपासून. चष्मे शुक्रवारी संध्याकाळी शाळेत पोचायला हवे होते.

"म्हणजे नंबर फक्त ह्या मेलेल्या डिस्कवर," जावई म्हणाला.

"आणि तिच्या कॉपीत," चष्मेवाला म्हणाला. "ती बघा तिकडे, काळी डबी. रोज रात्री दोन वाजता हा कॉम्प्युटर आपला आपण सगळं त्या डबीत उतरवून ठेवतो. तिनेच शिकवलंय त्याला."

जावयाचा चेहरा उजळला. "मग झालंच की! नवी डिस्क मी आणलीय. ती बसवतो, कॉपी परत आणतो, जेवायच्या आत मोकळे."

हे वाक्य चष्मेवाल्याला पुढचे दोन दिवस आठवत राहिलं.

नवी डिस्क बसायला अर्धा तास लागला. मग जावयाने खणातली चोपडी काढली, पानं उलटली आणि त्याला हवा तो तुकडा सापडला. त्याने मोठ्याने वाचला.

"कालची कॉपी परत आणायची तर. एक: बाहेरची डिस्क लाव, हिरवा दिवा बघ. दोन: नेहमीप्रमाणे. तीन: खालची ओळ जशीच्या तशी टाइप कर. चार: शंभर टक्के होईपर्यंत कशालाही हात लावू नकोस, सव्वा तास लागतो." तो थांबला. "बाबा, दोन म्हणजे काय?"

"दोन म्हणजे दोन."

"नाही हो. 'नेहमीप्रमाणे' म्हणजे काय करायचं?"

"मला काय विचारता? माझी तिच्याकडे पाठ असायची."

हे खोटं नव्हतं. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे काउंटर, तिथे भाची. मध्ये कॉम्प्युटरचं टेबल. मागच्या भिंतीला काच घासायचं यंत्र. यंत्र म्हणजे पाण्याखाली फिरणारं चाक, त्याला जुनी मोटर आणि खाली पायाने दाबायची कळ. चष्मेवाला भिंतीकडे तोंड करून बसायचा, काच चाकाला लावायचा, फ्रेमच्या मापाची होईपर्यंत कड घासायचा, पाय उचलायचा, काच पुसून बघायचा, परत पाय ठेवायचा. अठरा वर्षं बायको त्याच्या पाठीमागे तीन हातांवर कॉम्प्युटरशी बोलत होती आणि त्याने तिकडे वळून पाहिलं असेल तर चहाची वेळ झाली म्हणून.

"बरं," जावई म्हणाला. "नेहमीचं काहीतरी असेल. पासवर्ड वगैरे. बघतो मी."

चष्मेवाल्यानेही वेळ वाया घालवायचा नाही असं ठरवलं. गेल्या आठवड्याच्या गिऱ्हाइकांच्या काचा, चिठ्ठ्यांसकट, ट्रेमध्ये तयार होत्या. त्या आत्ता उरकल्या की नंबर आल्याबरोबर मुलांचं काम हातात घेता येईल. तो यंत्रावर बसला.

पहिल्यांदा कॉपी बारा टक्क्यांवर मेली.

"डिस्क सापडत नाही म्हणतोय," जावई म्हणाला. "आत्ता तर सापडत होती! समोर आहे की!" त्याने तार काढली, फुंकली, परत लावली. डबीचा हिरवा दिवा लागला. त्याने पुन्हा ओळ टाइप केली.

दुसऱ्यांदा सत्तेचाळीसवर मेली. जेवायची वेळ कधीच टळून गेली होती.

"तार खराब," असं म्हणून जावई बाजारात जाऊन नवी तार घेऊन आला. नव्या तारेने एकतीस टक्के दिले.

मग त्याने स्वतःचा लॅपटॉप उघडला आणि इंटरनेटवर शोधायला लागला. कळ सोडली की चष्मेवाल्याला मागे वळून न पाहताही सगळं कळत होतं, कारण जावई गप्प बसून काही करूच शकत नसे. "हा म्हणतो वेग कमी करा... हा म्हणतो वेग वाढवा... ह्याने बावीस ओळींचा तुकडा दिलाय आणि खाली लिहिलंय, माझ्याकडे चालला, तुमचं तुम्ही बघा... हां! हा बघा बाबा, अगदी आपलाच प्रश्न! अक्षर न् अक्षर आपलंच! आठ वर्षांपूर्वी विचारलाय."

"मग उत्तर काय?"

मागून कळा टकटकल्याचा आवाज आला.

"उत्तर त्यानेच खाली लिहिलंय. 'सुटलं, आभारी आहे.'"

"कसं सुटलं?"

"तेवढंच नाही लिहिलं."

"वा! हा तुमच्या सासूचा सख्खा भाऊ दिसतो," चष्मेवाला म्हणाला आणि कळ दाबली.

संध्याकाळपर्यंत जावयाने तिच्या एका ओळीत चार शब्द वाढवले, दोन काढले, परत घातले. पुढची खेप एकोणीसवर गेली. शेवटी तो चोपडी बॅगेत टाकून आडवा व्हायला आपल्या घरी निघून गेला आणि चष्मेवाल्याने दुकान बंद केलं.

गुरुवारी सकाळी जावई लाल डोळ्यांनी आला. बॅग ठेवायच्या आधीच म्हणाला, "बाबा, मी अख्खी चोपडी वाचली रात्री."

"शाबास. मलाही कधी जमलं नाही."

"हे 'नेहमीप्रमाणे' अकरा ठिकाणी आहे. अकराच. आणि अकराही ठिकाणी बाहेरच्या डिस्कचं काम आहे. प्रिंटरच्या तुकड्यात नाही, तारखेच्या नाही. म्हणजे पासवर्डबिसवर्ड नव्हे, त्या डबीशी काहीतरी करायच्या त्या. आठवून बघा ना. डबी उलटी ठेवायच्या? पंखा लावायच्या?"

"पूजा करायची तिची!" चष्मेवाल्याचा आवाज चढला. "अहो, मला माहीत असतं तर काल सांगितलं नसतं का? अठरा वर्षं लिहीत बसली. प्रिंटरमधली मुंगी कशी काढायची तेही लिहिलंय, चित्रासकट. आणि नेमकं लागायचं तिथे 'नेहमीप्रमाणे'! नेहमी म्हणजे कधी? कुणाचं नेहमी? आता जाऊन विचारू का तिला?"

भाचीने काउंटरवरून मान वळवली आणि परत पुढे केली. चष्मेवाल्याने ट्रेमधली काच उचलली, नंबर न बघताच खाली ठेवली, मग चिठ्ठी वाचून परत उचलली.

त्याला तिचा राग येत होता आणि त्या रागाची त्याला लाजही वाटत नव्हती. लोक भेटायला यायचे, बाई फार नीटनेटक्या होत्या म्हणायचे. होत्याच. मीठ कुठल्या डब्यात आणि विजेची बिलं कुठल्या पाकिटात, सगळं तिने चिठ्ठ्या चिकटवून ठेवलं होतं. आणि तरी घरात रोज काहीतरी असं निघायचं की ते फक्त तिलाच ठाऊक. स्वयंपाकघराचा नळ कसा अर्धा वळवून उचलला की गळत नाही. कपाटाचं दार कुठे दाबायचं. सात महिन्यांत त्याला कळून चुकलं होतं की माणूस चिठ्ठ्या लावून जातो, पण सवयीने जे करतो ते त्याला लिहायचं सुचतच नाही.

दुपारी जावयाने पाचवी खेप सुरू केली. "ही शेवटची," तो म्हणाला. "नाही झालं तर डबी घेऊन मोठ्या शहरात जातो, तिथे उघडून काढून देतात. आठ दिवस लागतात."

"आठ दिवसांनी परीक्षा संपलेली असेल."

"मग मी काय करू बाबा? सांगा तुम्ही!"

तेवढ्यात शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. दुकानात आवाज नीट येत नव्हता म्हणून चष्मेवाला फोन घेऊन रस्त्यावर गेला. बाई सौम्यच बोलत होत्या आणि तेच जास्त लागत होतं.

"मला फक्त हो की नाही कळलं पाहिजे हो. नाही म्हणालात तरी चालेल. मी मुलांना पुढच्या बाकांवर बसवीन. पण बासष्ट मुलं पुढच्या बाकावर कशी बसवू, ते तुम्हीच सांगा."

"बाई, संध्याकाळपर्यंत सांगतो."

"तुम्ही कालही तेच म्हणालात. आमची तिसरीतली एक मुलगी आहे, ती शेजारणीच्या वहीत बघून फळा वाचते. परीक्षेत तिला शेजारणीच्या वहीत बघता येणार नाही ना."

चष्मेवाल्याने सगळं सांगितलं: डिस्क, डबी, जावई, बारा टक्के, सत्तेचाळीस टक्के. बाईंनी ऐकून घेतलं. मग कुणीतरी त्यांना मध्येच हाक मारली, त्या गेल्या, परत आल्या, त्यांनी पुन्हा पहिल्यापासून विचारलं. फोन ठेवला तेव्हा जवळजवळ तास झाला होता आणि उन्हात उभं राहून त्याचं डोकं ठणकत होतं.

तो आत आला तर जावई आणि भाची दोघंही कॉम्प्युटरसमोर श्वास रोखून उभी.

"मामा, त्र्याऐंशी!" भाची कुजबुजली.

"एवढ्यावर कधीच गेली नव्हती," जावई म्हणाला. "ओळीतला तो शेवटचा शब्द काढला ना, त्यानेच झालं असणार. बोलू नका कुणी."

"मी कुठे बोलतोय," चष्मेवाला म्हणाला. तो मागे जाऊन बसला, काच चाकाला लावली आणि कळ दाबली. मोटर घुरघुरली. डोक्यावरची ट्यूब क्षणभर लुकलुकली, जशी ती दर वेळी लुकलुकते.

"अरे!" जावई ओरडला. "अरे, अरे, अरे! चौऱ्याऐंशीवर! डबी गेली परत! अहो, काय शाप आहे का ह्या दुकानाला?" त्याने टेबलावर हात आपटला आणि भाचीच्या पेन्सिली खाली पडल्या.

चष्मेवाल्याने पाय उचलला. चाक थांबलं. तो भिंतीकडे बघत तसाच बसून राहिला.

महिन्याचा शेवटचा शनिवार. दुपारी भाचीला सुटी असायची, दुकानात दोघंच. त्या दुपारी बायको कॉपी नीट परत येते की नाही ते एका जुन्या कॉम्प्युटरवर आणून बघायची. परत आणून बघितली नाही तर ती कॉपी नव्हे, नुसतं समाधान आहे, असं म्हणायची. आणि बसायच्या आधी दर वेळी पाठीमागून हाक यायची, "अहो, बंद करा ते धूड!" दर वेळी तो कुरकुरायचा. हातात काम आहे, गिऱ्हाईक येईल, तुला काय शांतता हवी ती घरी मिळत नाही का. मग कळ बंद करून कोपऱ्यावर चहा प्यायला जायचा आणि दीड तासाने यायचा. महिन्यातून एकदा हिला ती घुरघुर सहन होत नाही, असं तो धरून चालला होता. अठरा वर्षं. कदाचित तिने कारण सांगितलंही असेल. यंत्र चालू असलं की त्याला मागचं ओरडणं सोडून काही ऐकू येत नसे.

"जावईबापू," तो म्हणाला. "काल बारावर मेली तेव्हा मी काय करत होतो?"

"आता हे काय, काचा घासत होतात. दोन दिवस तेच तर करताय तुम्ही."

"आणि आत्ता तासभर मी बाहेर होतो."

जावई त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने वर ट्यूबकडे पाहिलं. "परत दाबा बघू कळ."

चष्मेवाल्याने दाबली. ट्यूब लुकलुकली. जावयाने डबीपासून तार धरली, कॉम्प्युटरमागून भिंतीपर्यंत माग काढत गेला आणि टेबलाखाली वाकला. कॉम्प्युटरचा आणि यंत्राचा प्लग एकाच पट्टीवर शेजारी शेजारी बसले होते.

"मोटर उठते ना, तेव्हा वीज क्षणभर कमी होते," तो टेबलाखालूनच म्हणाला. "कॉम्प्युटर सोसतो. ही डबी नाही सोसत. दर वेळी नाही, दहा-वीस वेळांत एकदा सुटते. रात्री दोनला तुम्ही घासत नसता म्हणून कॉपी होते नीट." तो बाहेर आला. त्याच्या केसांना जळमटं लागली होती. "बाबा, मी तार बदलली. ओळ बदलली. इंटरनेटवर साठ पानं वाचली."

"आणि मी तुम्हाला मदत म्हणून जोरात घासत होतो," चष्मेवाला म्हणाला. "तिने लिहिलंय ते मीच. पायरी दुसरी."

भाचीला हसू आलं. तिने ते दाबायचा प्रयत्न केला आणि जास्तच फुटलं. जावई हसला नाही. त्याने यंत्राचा प्लग उपसून सासऱ्याच्या हातात दिला, जणू पुन्हा कुठे लावतील याचा भरवसा नव्हता. दुसरीकडच्या पट्टीवर कॉम्प्युटर हलवायचा विचार त्याने बोलून दाखवला आणि तिथल्या तिथे सोडून दिला. त्या दुकानात दुसरीकडे पट्टीच नव्हती. मग त्याने चोपडी उघडली, सासूची मूळ ओळ, स्वतःच्या सगळ्या सुधारणा काढून टाकून, जशीच्या तशी टाइप केली. सहावी खेप.

सव्वा तास. चष्मेवाल्याला काही करायला नव्हतं. कोपऱ्यावर चहाला जावं असं वाटलं, पण गेला नाही. स्टूल वळवून त्याने कॉम्प्युटरकडे तोंड केलं. त्या टेबलाकडे तोंड करून बसल्यावर दुकान कसं दिसतं, ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं. इथून त्याची स्वतःची जागा दिसत होती: भिंत, चाक, झिजलेलं स्टूल आणि भिंतीवर पाण्याच्या शिंतोड्यांचा पांढरा डाग. हेच बघत ती बसायची.

तीस टक्क्यांवर जावयाने पेन्सिल घेतली. "हे आत्ताच लिहून टाकू. सांगा. पायरी दोन. यंत्राची मोटर सुरू होताना विजेचा दाब..."

"तसं नको. वाचणाऱ्याला कंटाळा येईल. लिहा: काच घासायचं यंत्र बंद कर, प्लग काढ."

जावयाने लिहिलं.

"पुढे लिहा, घासणाऱ्याला आधी सांग. का, तेही सांग. यंत्र बंद झाल्यावर सांग, चालू असताना त्याला ऐकू येत नाही."

जावयाने लिहिता लिहिता वर पाहिलं. चष्मेवाला टक्क्यांकडे बघत होता.

"अजून काही?"

"तो कुरकुर करेल. करू दे."

अकराही ठिकाणी जावयाने समासात हे लिहून काढलं. तिच्या 'नेहमीप्रमाणे'वर काट मारू नका, असं चष्मेवाल्याने मुद्दाम सांगितलं, म्हणून ते तसंच राहिलं. साठ टक्के झाले. ऐंशी. चौऱ्याऐंशीवर तिघांपैकी कुणीही हललं नाही. एक गिऱ्हाईक दारात आलं, त्याला भाचीने नुसत्या हाताने थोपवलं आणि ते बिचारं काही न कळून पायरीवर उभं राहिलं.

शंभर झाले तेव्हा काही आवाज झाला नाही. पडद्यावर एक ओळ आली, एवढंच. जावयाने दुकानाचा प्रोग्रॅम उघडला, भाचीने पुढे वाकून शाळेची यादी काढली आणि मोजली. बासष्ट.

चष्मेवाल्याने मुख्याध्यापिकाबाईंना फोन लावला आणि "हो" एवढंच म्हणाला. त्या काहीतरी विचारत होत्या, पण एकशे चोवीस काचा घासायच्या होत्या आणि हातात एक दिवस होता, त्यामुळे त्याने उद्या बोलू म्हणून फोन ठेवला.

प्रिंटरने पहिली चिठ्ठी काढली. इयत्ता तिसरी, मुलगी, उजवा उणे तीन, डावा उणे साडेतीन. त्याने कपाटातून काचा काढल्या, प्रकाशाकडे धरून पाहिल्या, प्लग जागेवर लावला आणि स्टुलावर बसून पाय कळेवर ठेवला. दाबला नाही.

"डबी काढली का हो?" त्याने मागे वळून विचारलं.

"काढली, बाबा. करा सुरू."